मिळकत क्रमांक एक

२ फेब्रुवारी, सोमवार

घर विकलं. म्हणजे विकल्यातच जमा. बसवेश टोकन देऊन गेला. मूळचा कर्नाटक सीमेवरच्या मैंदर्गीचा, शाळेत मास्तर, बायको भुवनेश्वरी नर्स. दोघांनी घर खालपासून वरपर्यंत पाहिलं. भुवनेश्वरी जिन्याच्या पायऱ्या मोजत होती आणि सासूच्या गुडघ्यांबद्दल काहीतरी पुटपुटत होती. मी लक्ष दिलं नाही. त्या जिन्याला मी स्वतः उभं राहून शहाबादी फरशी बसवून घेतली आहे.

त्याचं कर्ज मंजूर झालंय, पण मंजुरी ३१ मार्चपर्यंतच. त्याच्या आत खरेदीखत व्हायला हवं. कागद एकच कमी आहे : घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला. बसवेशला म्हटलं, माझ्यासारख्याला ते एका दिवसाचं काम. एकोणतीस वर्षं पाटबंधारे खात्यात लिपिक होतो. बावीस वर्षं नवप्रभात सोसायटीचा सेक्रेटरी आहे. कागद मला ओळखतात.

बायकोला, मीनाला, शब्द दिला. आमच्या मुलीला, दीक्षाला, डॉक्टरांनी बाळंतपणाची ५ एप्रिल तारीख दिली आहे. पुण्यात तिच्या बिल्डिंगच्या मागेच छोटा फ्लॅट बघून ठेवलाय. घर विकलं की तो घ्यायचा. मीनाचं म्हणणं, बाळाला पहिली आंघोळ मीच घालणार, आणि जावयाच्या हॉलमध्ये गादी टाकून राहणार नाही, आपल्या घरातून जाऊन येणार. म्हटलं, पाडव्याला टेम्पो भरू. ती म्हणाली, बघू. या बाईचा 'बघू' मला आवडत नाही.

३ फेब्रुवारी

आज जायचं होतं. पाण्याचा दिवस निघाला. पाच दिवसांनी येतं आणि त्यात मोटर लावायला मीच लागतो. उद्या.

वेळ होता म्हणून फाइल काढली. बावीस पावत्या, वर्षवार, एकही गहाळ नाही. अशी फाइल अख्ख्या जुळे सोलापुरात दुसरी नसेल.

आमच्या ओळीत बारा घरं. मुख्य रस्त्याकडून पहिलं माझं, शेवटचं पाण्याच्या टाकीला लागून, मायाप्पाचं. घरपट्टीची बिलं अजून सोसायटीच्याच नावाने येतात, त्यावर घरमालकाचं नाव नसतं, मिळकत क्रमांक असतो; खालचा बारीक मजकूर वाचायची मला गरज पडत नाही. २००४ साली मोजणी होऊन क्रमांक पडले. तेव्हापासून शिपाई बिलांचा गठ्ठा माझ्याकडे देतो आणि मी माझ्या यादीप्रमाणे घरोघर वाटतो. क्रमांक एक माझा. बारा मायाप्पाचा. मधली दहा घरं एका साच्यातली, त्यांची बिलंही जवळपास सारखी, त्यामुळे कुणाची तक्रार नाही.

माझी घरपट्टी ओळीत सर्वांत कमी आहे. वर मजला असून. लोकांना याचं कोडं पडतं. मोजणीवाल्याला मी त्या दिवशी भजी खाऊ घातली होती आणि योग्य ते मार्गदर्शन केलं होतं. यापेक्षा जास्त मी कुणाला सांगत नाही.

आणि मायाप्पा. निवृत्त एसटी ड्रायव्हर, मूळचा मंगळवेढ्याकडचा. तीन खोल्या, वर पत्रा. बावीस वर्षांत एक रुपया घरपट्टी भरलेली नाही. दरवर्षी बिल दिलं की तेच रडगाणं. ह्यो कागद आमच्या घराचा न्हाय सेक्रेटरीसाहेब, ह्यात दोन मजलं लिवल्यात, आमच्यात वर नुसती कबुतरं ऱ्हात्यात. बहाणे. जप्तीच्या नोटिसा दोनदा आल्या, त्याही मीच नेऊन दिल्या. एकदा ऑफिसात तक्रार करायला गेला, तर सोसायटीचं पत्र आणा म्हणाले. मी दिलं नाही. थकबाकीदाराला पत्र कसलं.

दर २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर मी फळ्यावर थकबाकीदारांची नावं लिहितो. एकच नाव असतं. माझं अक्षर चांगलं आहे.

४ फेब्रुवारी

महापालिकेचं झोन ऑफिस. दाखल्याच्या टेबलावर संघप्रिया नावाची मुलगी. दीक्षापेक्षा लहानच असेल. मला काका म्हणाली. अधिकाऱ्याने नागरिकाला काका म्हणू नये, पण सोडून दिलं.

अर्ज घेतला, शेवटची पावती घेतली, आठ दिवसांनी या म्हणाली. जाता जाता म्हणाली, काका, आकारणीचा उतारा पण काढून घ्या, त्यात घराचं वर्णन असतं, बँक मागतेच. मी म्हटलं, उतारा त्यांनी काढावा ज्यांच्याकडे पावत्या नाहीत. रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या.

आठ दिवस मला मान्य नाहीत. तिथेच बसून वेगळं पत्र लिहिलं : तीन दिवसांत दाखला द्यावा, अन्यथा आपली हरकत नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल. आवक शिक्का मारून घेतला. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही.

उत्तर आलं नाही म्हणजे मान्य. आयुष्यभर मी या एका तत्त्वावर चाललो आणि कुठे अडलं नाही. लग्नाच्या वेळी मीनाच्या वडिलांना स्थळ म्हणून मीच पत्र टाकलं होतं. पंधरा दिवस उत्तर नाही. सोळाव्या दिवशी पेढे घेऊन गेलो.

७ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस झाले. दाखला नाही. ऑफिस बंद. चौकीदाराला पत्राची प्रत दाखवली. तो म्हणाला, सोमवारी या की.

१३ फेब्रुवारी

मिळाला.

मिळकत क्रमांक १, थकबाकी निरंक. खाली सही, शिक्का. संघप्रिया म्हणाली, इतकं स्वच्छ खातं क्वचितच बघायला मिळतं. मी म्हटलं, शिस्त.

सहा झेरॉक्स काढल्या. दोन बसवेशला, एक बँकेला, एक दीक्षाला व्हॉट्सॲपवर. तिने अंगठा पाठवला. मीनाने स्टीलचे डबे पोत्यात भरायला घेतले. मी म्हटलं, अगं, अजून महिना आहे. ती म्हणाली, तुमचा एक दिवस अकरा दिवसांचा झाला, त्या हिशेबाने आत्ता सुरू केलेलं बरं. मी पोत्याला सुतळी बांधली.

१५ फेब्रुवारी

सकाळी मायाप्पा दारात. त्यालाही घर विकायचं आहे. सोसायटीची एनओसी पाहिजे. म्हणे गावाकडं भावाची मेंढरं हायती, आमी दोगं तितंच जाऊन ऱ्हातो, ड्रायवरकीनं कंबर गेली, ह्या टाकीखाली आता ओल लई लागती. मी शांतपणे नियम सांगितला. २००६ च्या सर्वसाधारण सभेत ठराव झालेला आहे, सूचक मीच : थकबाकीदारास एनओसी नाही. बावीस वर्षांची घरपट्टी अधिक शास्ती भरा, पाच मिनिटांत सही देतो. त्याने उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या. मग म्हणाला, कागद आमचा असता तर कवाच भरला असता. आणि गेला.

मी नियमाने वागतो म्हणून वाईट होतो. असो.

बसवेश दाखल्याची आणखी एक प्रत न्यायला आला होता. जाताना मायाप्पाच्या कट्ट्यावर टेकला. मायाप्पा वीस वर्षं विजापूर गाडीवर होता, त्याला कानडी येतं. अर्धा तास दोघांचं कानडी चाललं होतं. बसवेशची आईपण बरोबर होती, ती तर चक्क मायाप्पाच्या बायकोबरोबर, मायाक्काबरोबर, आत जाऊन घर बघून आली. म्हाताऱ्या माणसांना नको तिथे उत्सुकता असते.

२० फेब्रुवारी

बँकेने उतारा मागितला. शेवटी गेलो. संघप्रियाने न विचारताच उताऱ्याचा अर्ज पुढे सरकवला.

उतारा : मिळकत क्रमांक १, तळमजला, तीन खोल्या, पत्र्याचे छत.

माझं घर आरसीसी, दोन मजली, सहा खोल्या.

दहा मिनिटं बाकावर बसून राहिलो. मग सगळं लक्षात आलं. भजी. मोजणीवाल्याने माझ्या शब्दाखातर घर कागदावर लहान दाखवलं होतं आणि मला सांगितलंही नाही. काय माणसं होती पूर्वी.

अडचण अशी की बँकेचा माणूस म्हणतो, जागेवरचं घर आणि कागदावरचं घर एक नाही, कर्ज देता येणार नाही. संघप्रिया म्हणते, स्थळ पाहणीचा अर्ज द्या, आम्ही येऊन बघतो, दुरुस्ती करतो. पाहणी म्हणजे वरचा मजला सापडणार. बावीस वर्षांची फरकाची रक्कम मागणार. पाहणी होता कामा नये.

ठराव : या विषयावर कुणाशीही बोलायचं नाही.

२१ फेब्रुवारी

मीनाशी बोललो. ती म्हणाली, तीन खोल्या पत्र्याच्या तर मायाप्पाच्या आहेत. मी म्हटलं, अशी घरं सोलापुरात शेकडो आहेत.

२५ फेब्रुवारी

बँकेला पत्र दिलं. वरील मजला हा तात्पुरत्या स्वरूपाचा असून मूल्यांकनात धरू नये. मीनाने वाचलं. स्लॅब तात्पुरता कसा असतो, असं विचारून कांदा चिरायला लागली.

२८ फेब्रुवारी

बँकेकडून उत्तर नाही. मान्य.

२ मार्च, सोमवार

मान्य नाही. बसवेश संध्याकाळी येऊन बसला. भला मुलगा आहे, आवाज चढवत नाही. म्हणाला, काका, पाहणी करून घ्या की, काय असंल ते होऊ दे, एकतीस तारखेनंतर माझं कर्ज परत पहिल्यापास्नं. मी म्हटलं, तू अजिबात काळजी करू नकोस. तो म्हणाला, काळजी न्हाई ओ, आईच विचारायल्या. कपभर चहा घेऊन गेला. पुन्हा मायाप्पाच्या कट्ट्यावर थांबला.

दीक्षाचा फोन. फ्लॅटवाला विचारतोय, घेणार की नाही. सांगितलं, कागदपत्रं अंतिम टप्प्यात आहेत. ती म्हणाली, बाबा, कुठल्या टप्प्यात ते नको, कधी येताय ते सांगा. मुलींना शिकवलं की अशा बोलतात.

६ मार्च

सुचलं. एकोणतीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही.

पाहणी अटळ असेल तर ती माझ्या घराची का व्हावी? मायाप्पाच्या घराची होऊ दे. एकदा माणसं बाराव्या घरात शिरली, बावीस वर्षांची बुडवेगिरी समोर आली, जप्तीची भाषा सुरू झाली, की माझ्यासारख्या प्रामाणिक करदात्याचा मजला कोण मोजत बसणार? उलट सहकार्याबद्दल माझा उतारा तिथल्या तिथे दुरुस्त करून देतील.

तक्रार अर्ज लिहिला, अडीच पानं. सदर मिळकत क्रमांक १२ चा धारक गेली बावीस वर्षे खोटी सबब सांगून कर चुकवीत असून, सदर मिळकतीची समक्ष पाहणी करून धारकावर कोणतीही दयामाया न दाखवता कठोर कारवाई व्हावी. 'दयामाया' वर दोनदा पेन फिरवलं.

मीनाला वाचून दाखवला. तिने विळी बाजूला ठेवली. म्हणाली, हे देऊ नका. त्या माणसाने तुमच्या ऑपरेशनच्या वेळी दीक्षाला मध्यरात्री दवाखान्यात पोचवलं होतं. मी म्हटलं, ते वैयक्तिक आहे, हे सार्वजनिक. ती म्हणाली, तुमचं सार्वजनिक नेहमी दुसऱ्याच्या घरात कसं असतं?

आवक क्रमांक ३१७. शिक्का ठळक उमटलाय.

१२ मार्च

उत्तर नाही. मान्य.

खरोखरच मान्य. दुपारी संघप्रियाचा फोन. १७ तारखेला स्वतः पाहणीला येते म्हणाली. पुन्हा पुन्हा विचारलं, काका, नक्की बाराच ना? म्हटलं, बाराच. सेक्रेटरी या नात्याने मी जागेवर हजर राहीन.

मीनाला म्हटलं, टेम्पोवाल्याशी बोलून घे. ती म्हणाली, मी पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसचं तिकीट काढलंय, २५ तारखेचं. एकच. तुमचं झालं की या.

हा अविश्वास मनाला लागला.

१७ मार्च, मंगळवार. सकाळी ८

दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. दारात दोन खुर्च्या आणि टेबल, टेबलावर सोसायटीचं रजिस्टर, बावीस पावत्यांची फाइल. बसवेशला मुद्दाम बोलावलंय, त्याचा धीर सुटत चाललाय. मीनाला भजी कर म्हटलं. तिने पोहे केले.

दुपारी १.३०

पाहणी झाली. लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

संध्याकाळी ६

लिहितो.

संघप्रिया रिक्षातून उतरली. मी उठून उभा राहिलो. ती नमस्कार करून माझ्या खुर्चीसमोरून सरळ पुढे गेली. थेट टाकीपर्यंत. हाक मारून सांगितलं, क्रमांक एक इकडे आहे. ती म्हणाली, हो काका, पण मोजणी टाकीकडून आहे. तिच्या हातात २००४ ची यादी होती.

मायाप्पाच्या दारात उभी राहून तिने वाचलं. क्रमांक एक. तळमजला, तीन खोल्या, पत्र्याचे छत. वर बघितलं. कबुतरं होती. बरोबर, म्हणाली, आणि टिक केली.

मग एकेका दारासमोरून येत राहिली. दोन. तीन. चार. माणसं बाहेर येऊन उभी. मी खुर्चीजवळच होतो. पळून जावंसं वाटलं पण घर माझंच होतं. अकरा म्हणाली आणि शेजाऱ्यांच्या दारासमोर यादीत टिक केली. मग माझ्यासमोर आली आणि हळूच म्हणाली, बारा. आरसीसी, दोन मजले, सहा खोल्या.

बावीस वर्षं मी मायाप्पाच्या घराची घरपट्टी भरत होतो. माझ्या घराची कुणीच भरलेली नाही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मायाप्पा टाकीकडून चालत आला आणि म्हणाला, मी म्हनत हुतो की, दोन मजलं हायती म्हनून. एवढंच. मीना पोह्यांच्या बशा आत घेऊन गेली. बसवेश फोनवर कानडीत बोलत होता.

१८ मार्च

चूक मोजणीवाल्याची आहे. रस्ता सोडून टाकीकडून कुणी मोजतं का?

हे सांगायला ऑफिसात गेलो. संघप्रियाने यादीचं शेवटचं पान दाखवलं. 'क्रम पाण्याच्या टाकीकडून मुख्य रस्त्याकडे. मान्य.' खाली सेक्रेटरीची सही. इतकं चांगलं अक्षर दुसऱ्या कुणाचं असणार.

मग आठवलं. सगळंच आठवलं. यादी झाली तेव्हा माझं घर बारावं आलं होतं. सेक्रेटरीचं घर ओळीत शेवटचं आणि पत्र्याचं घर पहिलं, हे शोभत नव्हतं. म्हणून अर्ज केला होता, की क्रम रस्त्याकडून धरावा. उत्तर आलं नाही. तेव्हा माझ्या यादीत उलटा करून घेतला आणि बिलं तशी वाटली. त्याच संध्याकाळी दारावर पितळी एक लावला होता. तो अजून आहे. दर दिवाळीला घासतो.

संघप्रियाला सांगितलं, अर्ज केला होता. ती म्हणाली, केला असेल काका, पण उत्तर आलं नाही म्हणजे मंजूर झाला, असा कुठला नियम? मला त्या वेळी नियम क्रमांक आठवेना.

बावीस वर्षांची थकबाकी, शास्तीसह, एका कागदावर काढून दिली. आकडा इथे लिहीत नाही. फ्लॅटच्या बुकिंगला पुण्यात जी रक्कम भरायची होती ती आणि ही यांत फार फरक नाही. खरेदीच्या आधी एकरकमी भरल्याशिवाय दाखला नाही. आणि घर विकल्याशिवाय भरायला पैसे नाहीत.

१९ मार्च. पाडवा

टेम्पो भरायचा होता आज.

गुढी उभारली. शेजारच्यांच्या दारात गर्दी, सगळे आपापली बिलं एकमेकांशी ताडून बघत होते. थोडा-थोडा फरक निघतोय म्हणतात. कुणी माझ्याकडे आलं नाही. पूर्वी सहीसाठी आले असते.

दुपारी एक विचार आला आणि बरं वाटलं. मायाप्पाची घरपट्टी बावीस वर्षं मी भरली, तर ती रक्कम मला त्याच्याकडून येणं आहे. कायद्याने. लगेच नोटीस लिहायला घेतली. तीन पानं झाली.

२१ मार्च

नोटीस घेऊन मायाप्पाकडे गेलो. इतक्या वर्षांत त्याच्या घरात पहिल्यांदा आत जाऊन बसलो. नेहमी बिल दारातूनच द्यायचो. भिंतीला ओल आहे, टाकीच्या बाजूला पार खिडकीपर्यंत. कोपऱ्यात एका पत्र्याच्या डब्यात माझ्या हाताने दिलेली सगळी बिलं ठेवलेली. बावीस. वर्षवार.

नोटीस पुढे केली. मायाप्पांनी चष्मा लावलाच नाही. म्हणाले, वाचायचं काय त्यात, आमच्या घराचं तुमी भरलं, ते द्यायलाच पायजे की. घराचा वेव्हार झाला की पहिल्यांदा तुमचं देतो. मायाक्काने शेंगापोळी ठेवली, वर तूप. म्हणाल्या, खावा की, बावीस वर्सं आमच्या घराचं वझं तुमीच वाह्यलं. त्यात टोमणा होता का, हे मी पोळी संपेपर्यंत शोधत होतो. नव्हता. 

तिसऱ्या पानावर त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल एक वाक्य होतं. नोटीस परत खिशात घातली. लाज वाटली. साधी, सरळ लाज वाटली.

२२ मार्च

पण खचून चालणार नाही. घर तर विकायचंच आहे. बसवेशला मेसेज टाकला : किमतीतून थकबाकी वजा करून घ्यावी, प्रथम ती भरावी, मग खरेदी. तुझाही फायदा, माझाही. कळवावे.

निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचलं.

२४ मार्च, दुपारी

दोन दिवस झाले, बसवेशचं उत्तर नाही. मीनाला म्हटलं, मान्य आहे त्याला, एकतीसला खरेदी होते बघ, तिकीट रद्द कर, बरोबर जाऊ.

ती बॅग भरत होती. बाळाची दुपटी, जुन्या सुती साड्यांची शिवलेली. म्हणाली, एक सांगू का. तुमचं ते लग्नाचं पत्र आलं होतं ना, बाबांनी उत्तर लिहिलं होतं. पोस्टकार्ड. मुलगा फार शहाणा दिसतो, आमचा नकार कळवतो. पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं होतं. मी टाकलं नाही.

मी विचारलं, का. ती म्हणाली, अक्षर आवडलं होतं तुमचं. आणि दुपटी मोजायला लागली.

म्हणजे ते सुद्धा मान्य नव्हतं.

२५ मार्च

मीना सकाळच्या हुतात्माने गेली. स्टेशनवर म्हणाली, गॅस बंद करत जा, पाण्याचा दिवस विसरू नका. मी म्हटलं, मी आठवड्यात येतो. ती म्हणाली, बघू.

गाडी हलल्यावर बॅगेतला डबा माझ्याच हातात राहिल्याचं दिसलं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, दीक्षासाठी. दुपारी मीच खाल्ली.

२८ मार्च

मायाप्पा एनओसीला आले. ठरावात आता त्यांना अडवण्यासारखं काही नाही. त्यांच्या घराचं खातं इतकं स्वच्छ आहे की क्वचितच बघायला मिळतं. अर्जात खरेदीदाराचं नाव वाचलं.

बसवेश.

मायाप्पा खाली बघून म्हणाले, त्येच्या आईला जिना नको हुता, पयल्यापास्नं आमच्या घरातच त्यांचा जीव अडकल्याला. थकबाकी हाय म्हनून मीच नगं म्हनत हुतो. तुमास्नी वाईट वाटंल म्हनून पोरगं बोललं न्हाय. टोकन तुमचं तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या म्हनलाय.

टोकन परत देतो म्हटलं. सही केली. पेन चाललं नाही म्हणून दुसरं आणलं. दुसरं चाललं.

त्यांना बँकेची अडचण काहीच आली नाही. क्रमांक एकचा उतारा तयार. दाखला तयार, सही-शिक्क्यासह, झेरॉक्सही तयार. सगळं मीच धावपळ करून आणलेलं.

३१ मार्च, मंगळवार

खरेदीखत झालं. मायाप्पांनी साक्षीदार म्हणून मला नेलं. अक्षर चांगलं आहे म्हणाले. रजिस्ट्रारसमोर माझा फोटो निघाला, अंगठा लागला. बाहेर आल्यावर त्यांनी बावीस वर्षांचे पैसे पाकिटात घालून दिले. शास्तीचे धरले नव्हते, कारण मी कधीच उशीर केला नव्हता. संघप्रियाकडे जाऊन ते माझ्या खात्यावर भरले. तिने पावती दिली. क्रमांक बारा. पहिली पावती. थकबाकी अजून इतकी आहे की त्यातून काही कमी झाल्यासारखं दिसत नाही.

येताना मायाक्काने वाटीतून शेंगाचटणी दिली. उद्या त्यांचा टेम्पो आहे, माझ्या दारावरूनच जाईल.

सोसायटीच्या फळ्यावर मायाप्पांचं नाव अजून होतं. पुसलं. नियम नियम असतो, सूचक मीच होतो. खडू घेतला आणि लिहिलं : थकबाकीदार, मिळकत क्रमांक १२, श्री. सिद्राम बनसोडे. माझंच नाव, पण अक्षर जरा तिरकं आलं. पुसून पुन्हा लिहिलं.

दारावरचा पितळी एक काढायला गेलो. एक स्क्रू गंजलाय, निघत नाही.

संध्याकाळी ५

दीक्षाने फोटो पाठवला. मीना तिच्या हॉलमध्ये गादीवर बसून दुपट्याला टाके घालतेय. गादी भिंतीला लावून टाकली आहे, शेजारी अजून एक माणूस झोपेल एवढी जागा दिसते.

मीनाला मेसेज केला. घर विकलं जाईल तेव्हा जाईल. मी असाच येऊ का?

संध्याकाळी ७.३०

निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर नाही.